शब्द बदलायचा नाही

सोरेल फोर्क, नॉर्थ कॅरोलिना
५ मार्च २०१९

चि. डेसा हिस आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

वि. वि. अगं कार्टे, एवढं मोठं काम केलंस आणि घरात कुणाला पत्ता नाही! शनिवारी सकाळी मी बिस्किटांचं पीठ मळत होते, रेडिओ आपला नेहमीसारखा बडबडत होता, आणि एकदम तुझा आवाज. हात पिठात तसाच राहिला. निवेदक म्हणाला की ही आपल्याच जिल्ह्यातली डेसा प्रुएट, आता नॅशविलला असते, तिची नवी रेकॉर्ड आली आहे. मी हॉबर्टला हाक मारणार होते, पण तुझा बाप शनिवारचा कुठे सापडतोय!

गाणं काय सुंदर निवडलंस गं. नदीला पूर आलाय, पूल वाहून गेलाय, आणि पलीकडे माझी नवरी कंदील धरून उभी आहे. 'पाणी छातीशी आलं तरी येईन, दिवा विझवू नकोस.' मला भरून आलं. आणि सगळ्यात आनंद कशाचा झाला सांगू? एक शब्द बदलला नाहीस. आजकालच्या पोरी पुरुषाचं गाणं हाती आलं की लगेच 'नवरी'चा 'नवरा' करून टाकतात. आपल्याकडे ते चालत नाही. तुझी आजी फाशी जाणाऱ्या चोराचं गाणं चोर होऊन गायची, नि तुझे आजोबा विधवेचं गाणं विधवा होऊन. जसं कानावर आलं तसं पुढच्याला द्यायचं, एवढंच आपलं काम. तू ते विसरली नाहीस, माझ्या मांडीवरच्या शिकवणीचं सोनं केलंस.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर वेल्डा क्रिस्पनं नाक खुपसलंच. म्हणे पोरीच्या तोंडी 'माझी नवरी' जरा विचित्रच वाटतं नाही का. तिला मी असं झापलंय! म्हटलं, बाई, आमच्या घरातली गाणी तुझ्या अख्ख्या खानदानापेक्षा जुनी आहेत, तुला त्यातलं काय कळतंय. तिचं तोंड एवढंसं झालं. पण मला एक सांग, हे तू कुणाकडून घेतलंस? मी कधी ऐकलेलं नाही. तुझ्या आईच्या माहेरचं असावं. कंदिलावरून बघता शंभर-सव्वाशे वर्षांचं सहज असेल, आता कंदील कोण वापरतं?

आता महत्त्वाचं. १९ मेला कबरी सजवायचा रविवार आहे. चार वर्षं झाली तुझी आई जाऊन, आणि चारही वर्षं तिच्या दगडापाशी गाणं झालेलं नाही. बाकी सगळ्यांची लेकरं येतात, आपापल्या माणसाच्या कबरीपाशी गातात. तिच्यापाशी हॉबर्ट हातात टोपी घेऊन नुसता उभा राहतो. बघवत नाही. दर वर्षी तुझे दौरे असतात म्हणून मी गप्प बसले, यंदा बसणार नाही. पास्टर रेनफ्रोंशी बोलून टाकलंय. हे कंदिलाचंच गाणं तू तिथं गायचं. त्यांनी कार्यक्रमाच्या कागदावर छापायलाही दिलंय, 'डेसा प्रुएट, घराण्यातलं जुनं गाणं' असं.

ती तुझ्याबरोबर राहणारी नोरीन अजून तिथंच आहे का? तिला म्हणावं बाई, लवकर लग्न कर, नाहीतर तुझ्या संगतीनं आमची डेसाही अशीच राहायची. तीही आली तर येऊ दे, तेवढीच तुला वाटेत सोबत.

जेवत जा. फोटोत गालफडं बसलेली दिसतात. इकडे सगळे बरे. लोभ आहेच, तो पत्रं लिहून वाढव.

तुझी,
आर्डिथ आत्या


नॅशविल
१२ मार्च २०१९

ति. आत्यास डेसाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि मग जमिनीवरच बसले. तीन वेळा उत्तर लिहून फाडलं. फोन करावा तर तुमच्या दरीत आवाज पोचत नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही फुटला नसता. म्हणून लिहितेय. आत्या, आधी बस.

ते गाणं जुनं नाही. आईच्या माहेरचं नाही, कुणाकडून घेतलेलं नाही. मी रचलंय, दोन वर्षांपूर्वी, याच टेबलावर. पूर खरा आहे. आम्ही गावाबाहेर झोपडीत राहायचो तेव्हा एका हिवाळ्यात ओढ्यावरचा पूल गेला आणि मी पलीकडे अडकले. वीज गेलेली. नोरीन तिच्या आजोबांचा कंदील घेऊन पहाटेपर्यंत काठावर उभी होती, मला पाण्यात पाय घालू देईना आणि स्वतः घरात जाईना. 'माझी नवरी' म्हणजे नोरीन. तिला मी तुमच्यासमोर पाच वर्षं 'बरोबर राहणारी मैत्रीण' म्हणत आलेय. माझं तिच्यावर प्रेम आहे, आत्या, आईचं बाबांवर होतं तसलंच. दौरे होते हे निम्मं खरं. तिला मागे ठेवून आईच्या कबरीपाशी यायला माझे पाय वळत नव्हते, आणि तिला घेऊन यायची छाती नव्हती.

तुला वाटेल नॅशविलनं पोरगी बिघडवली. तसं नाही गं. इथं माझ्यासारखे खूप आहेत, आणि सगळे तुझ्या-माझ्यासारख्याच गावांतून आलेत. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही एका जुन्या गोदामात गाण्यांची बैठक करतो. आर्कान्सॉचा एक दाढीवाला शेतकरी आहे, तो आपल्या नवऱ्यानं चिखलात रुतवलेल्या ट्रॅक्टरवर गातो आणि लोक हसून हसून रडतात. टेक्ससची एक बाई आहे, जन्माला आली तेव्हा घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं. ती स्टील गिटार अशी वाजवते की तुझ्या अंगावर काटा येईल. बँजो तोच, फिडल तेच, मेलेली आई, सोडलेलं गाव, दारू, देव, सगळं तेच. फक्त आम्ही कुणासाठी झुरतो त्याचं नाव खरं सांगतो.

रेकॉर्ड निघायच्या आधी एका मोठ्या ऑफिसातल्या गृहस्थांनी मला बोलावलं होतं. फार गोड बोलले. म्हणाले, 'नवरी'चा 'नवरा' कर, एकच तर शब्द आहे, देशभरच्या स्टेशनांवर वाजवून दाखवतो. मी म्हटलं, आमच्या घरी शब्द बदलत नाहीत. तोंडातून तुझंच वाक्य निघालं, आत्या, तुझ्याच आवाजात. ते हसले आणि दार उघडून उभे राहिले. मग आम्ही मित्रांनी मिळून ती स्वतःच काढली.

आता कागदावर 'घराण्यातलं जुनं गाणं' छापलं जाणार. आईच्या दगडापाशी उभी राहून मी हे खोटं बोलू शकत नाही. मला यायचंय. आईसाठी गायचंय, आणि नोरीन शेजारी हवी आहे. तू ये म्हणालीस तर दोघी येऊ. नको म्हणालीस तर तुझ्यावर रागावणार नाही, पण येणारही नाही. रेकॉर्डची सीडी सोबत ठेवलीय.

बाबांना तूच सांग, किंवा नको सांगूस. मला सुचत नाही.

तुझा लोभ मी गृहीत धरत आले. आज पहिल्यांदाच मागते आहे.

तुझी,
डेसा


सोरेल फोर्क
१८ मार्च २०१९

डेसा,

पत्र मिळालं. टपालपेटीपाशीच उघडलं, ती चूक झाली. पोस्टमन क्लीट गाडी थांबवून विचारायला लागला की कोण गेलं. मी म्हटलं कुणी नाही. तर म्हणे मग बसा तरी, मी तुम्हाला घरात सोडतो. एवढं माझं तोंड पांढरं पडलं होतं.

बहात्तर वर्षांची झाले, माझ्या पायाखालची जमीन अशी कधी सरकली नव्हती. तीन दिवस झाले, घास उतरत नाही. मी सगळ्या गावाला सांगून बसलेय! वेल्डाला चार लोकांत झापलंय! आता ती बरोबर आणि मी येडी. तू एक ओळ आधी लिहिली असतीस तर. पाच वर्षं त्या मुलीला मी नाताळला हातमोजे विणून पाठवतेय, आणि मला ती कोण हे माहीत नाही? तुम्ही दोघी हसला असाल माझं पत्र वाचून. लग्न कर म्हणावं तिला, असं लिहिलं मी. कप्पाळ माझं.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी काही लिहीत नाही. मला लिहिता येत नाही. आमच्या बायबलात त्याबद्दल जे सांगितलं आहे ते तुला ठाऊक आहे, तूही माझ्या शेजारीच बसून ऐकलंयस.

१९ मेला येऊ नकोस. पास्टरांना काय सांगायचं ते मी बघेन. सीडी पिठाच्या डब्यात टाकलीय, मला ती डोळ्यांसमोर नको. तुझ्या बापाला मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

लोभाचं आज लिहीत नाही.

आर्डिथ


नॅशविल
२० एप्रिल २०१९

ति. आत्यास सा. न. वि. वि.

येत नाही. काळजी करू नकोस.

आम्ही हसलो नाही, आत्या. नोरीन तुझ्या पत्रातली ती ओळ वाचून तुझे हातमोजे घालून बसून राहिली. बाहेर चांगलं ऊन होतं.

सोबत खोक्यात आईसाठी फुलं आहेत. तू शिकवलीस तशीच, कागद ताणून पाकळ्या केल्या आणि वितळलेल्या मेणात बुडवल्या, म्हणजे पावसानं रंग जाणार नाही. अठरा गुलाब, दहा लिली. वाकडेतिकडे गुलाब माझे. लिली सगळ्या नोरीनच्या, तिचा हात माझ्याहून हलका आहे. तिच्या नकोशा वाटल्या तर काढून ठेव, पण फेकू नकोस. त्या परत पाठव.

आईच्या दगडापाशी दुसरं कुणी गाईल का? तिचं आवडतं कुठलंही. तुला जमलं तर तू. यंदाही ती तशीच राहिली या विचारानं माझा जीव जातोय.

तुला लोभाचं लिहायचं नसेल तर नको लिहूस. मी माझ्या बाजूनं लिहिते. फार आहे.

डेसा


सोरेल फोर्क
२ मे

डेसास बापाचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. स्पेलिंग बघू नकोस.

गाणं मी ऐकलं. मार्चमध्येच, ट्रकमध्ये. पेंडीच्या दुकानाबाहेर होतो. लोक हॉर्न वाजवत होते तरी हललो नाही. आर्डिथ गावभर सांगत होती की जुनं आहे. मला पहिल्याच कडव्याला कळलं की नाही. तो कंदील मी दुरुस्त करून दिला होता त्या नोरीनला, ती पहिल्यांदा इथं आली होती तेव्हा. त्याची काच मीच बसवली.

आता एक गोष्ट. ती मी तुला चार वर्षांपूर्वी सांगायला हवी होती. तुझी आई दवाखान्यात होती आणि नोरीन तुझ्याबरोबर आली होती. ती संत्रं सोलत होती आणि एकेक फोड बिया काढून तुझ्या हातात देत होती. तू बोलत होतीस, तुझं लक्षही नव्हतं. तुम्ही कॉफी आणायला गेलात तेव्हा तुझी आई म्हणाली, हॉबर्ट, ही आपल्या डेसाची आहे. मी म्हटलं काय बोलतेस. मला घाम फुटला. ती म्हणाली, डेसा सांगेल तेव्हा सांगेल, पण सांगेल तेव्हा तू उठून बाहेर जाऊ नकोस. मला ती खोड आहे. काही अवघड निघालं की मी उठून गोठ्यात जातो.

मी वाट बघत होतो. तू सांगितलं नाहीस. आर्डिथला सांगितलंस, हे तिच्या तोंडावरून कळलं, आणि रेडिओला. मला वाईट वाटलं. पण मी कसा आहे ते बघता तुझं चूक नाही.

मला अजून नीट कळत नाही. पण मी उठून गेलेलो नाही.

आर्डिथचं काही खरं नाही. महिनाभर रोज दुपारी येते, माझ्या ट्रकमध्ये जाऊन बसते आणि काचा वर करते. ओठ हलत असतात. तुझ्यासाठी प्रार्थना करत असावी. मी विचारत नाही. दोनदा बॅटरी उतरवली. आणि सीडी घालायच्या फटीतून पीठ निघालं, ते कुठून आलं कोण जाणे.

ओढ्याकाठी रानलसूण चांगली आली आहे यंदा.

तुझा बाप


सोरेल फोर्क
२० मे २०१९

चि. डेसा व चि. नोरीन यांस आत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. कालचा रविवार पार पडला. घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

आधी फुलांचं. अठराही गुलाब वाकडे आहेत, डेसा, तुला कधी जमणार कोण जाणे. लिली मात्र अशा की लोक वाकून बघत होते, खऱ्या आहेत का म्हणून. त्या मी दगडाच्या अगदी मधोमध लावल्या.

सकाळी पास्टर रेनफ्रो घरी आले. त्यांच्या कानावर आलं होतं, वेल्डानंच तुझी मुलाखत कुठं तरी वाचून घातलं असणार. कागद छापून झाले होते. ते म्हणाले, डेसा येत नाही तर गाणंच वगळू. मी म्हटलं, गाणं होणार, मी गाणार. भला माणूस आहे, वाईट नाही. रुमालानं मान पुसत म्हणाले की मग निदान 'नवरी'च्या जागी 'सोबती' म्हटलंत तर, मिस आर्डिथ? एकच तर शब्द आहे.

डेसा, खरं सांगते, तोवर माझं पक्कं नव्हतं. महिनाभर हॉबर्टच्या ट्रकमध्ये बसून मी गाणं पाठ केलं, पण ते का करतेय हे मलाच कळत नव्हतं. पहिल्या दिवशी सीडी पिठातून काढली ती तुला चुकीचं ठरवायला. म्हटलं, कुठं तरी खोट दिसेल, सूर खोटा लागेल, म्हणजे माझा राग मोकळा होईल. कुठं दिसली नाही. मग आपोआप ओठ हलायला लागले. आणि काल तो बिचारा 'एकच तर शब्द आहे' म्हणाला तेव्हा मला तुझं ते ऑफिस आठवलं, आणि दार उघडून उभा राहिलेला तो गृहस्थ. माझंच वाक्य घेऊन तू तिथून बाहेर पडलीस, आणि मी तुला इथून बाहेर ठेवलं. मला माझीच लाज वाटली. पास्टरांना म्हटलं, आमच्या घरी शब्द बदलत नाहीत.

गुडघ्यांमुळे उभं राहवेना, म्हणून हॉबर्टनं खुर्ची आणली. मी सगळ्यांना सांगितलं की कागदावर चूक आहे आणि ती माझी आहे. हे गाणं जुनं नाही, माझ्या भाचीनं रचलंय, तिच्या नोरीनसाठी, आणि या लिली त्याच मुलीच्या हातच्या आहेत. मग डोळे मिटले आणि गायले. चारही कडवी. 'माझी नवरी' जिथे जिथे होतं तिथे तिथे 'माझी नवरी'. बहात्तराव्या वर्षी!

डोळे उघडले तर नऊ माणसं नव्हती. आपापली भांडी उचलून गाड्यांकडे गेली होती. ज्यांच्या लग्नात मी गायले, ज्यांच्या बापांच्या मयताला गायले, ती माणसं. ते लागलं मला, नाही कशाला म्हणू. वेल्डाही केळ्याचं पुडिंग घेऊन गाडीत जाऊन बसली होती. काच मात्र तिनं खाली ठेवली होती आणि गाडी चालू केली नव्हती. हॉबर्ट हलला नाही. शेवटच्या कडव्याला तो माझ्याबरोबर गायला. तुला माहीत आहे, तुझी आई गेल्यापासून त्यानं गाण्याला तोंड उघडलं नव्हतं.

बुधवारी चर्चची बैठक आहे. गाणी सुरू करून द्यायचं काम माझ्याकडून काढून घेतील बहुतेक. एक्केचाळीस वर्षं केलं. दे म्हणतील तर देईन, रडेन आणि देईन. मला सगळं पटलंय असंही समजू नकोस. अजून देवाशी माझी रोज वादावादी चालू आहे. ती आमची आम्ही बघू. तुला मी 'येऊ नकोस' लिहिलं ते मात्र चुकलं. ते पत्र जाळून टाक.

आता एक अडचण राहिली. आपल्याकडे गाणं यंत्रावरून घ्यायचं नसतं. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, तोंडातून तोंडात घ्यायचं, तरच ते आपलं. मी ट्रकमधून चोरलंय. तिसऱ्या कडव्यात पाणी परत येतं, ते 'छातीशी'च की 'गळ्याशी' ते पिठामुळे सीडी तिथं अडखळायची म्हणून नीट कळलं नाही, आणि तुझ्या आईच्या दगडापाशी मी अंदाजानं गायले, ते मला डाचतंय. तेव्हा दोघी या. माझ्यापुढं बसून नीट द्या. नोरीननंही बसायचं, गाणं तिचं आहे. मग आपण तिघी टेकडीवर जाऊन तुझ्या आईला ते परत म्हणून दाखवू, या वेळी बरोबर. त्यानंतर ते घराण्यातलं. मग पास्टरांनी खुशाल तसं छापावं.

मागच्या पत्रात लोभाचं लिहिलं नव्हतं. तो होता तसाच आहे, त्यातलाही शब्द बदललेला नाही.

तुमची,
आर्डिथ आत्या

ता. क. येताना तो कंदील आणा. वेल्डा आज सकाळी कुंपणापाशी येऊन विचारत होती, तो खरंच आहे का म्हणून.